तोंडाची भिंत: वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

३ मे

वाचनालयाच्या पडवीतली भिंत यंदा रंगवून मिळाली. बारा फूट लांब, सहा फूट उंच, कोरी करकरीत. समितीने सांगितलं, शाळा सुरू व्हायच्या आत मुलांसाठी काहीतरी करा आणि खर्च नको. दोन्ही गोष्टी एका दमात.

माझ्या मनात एकच शब्द घेऊन अख्खी भिंत त्याला द्यायची आहे. शरीरातला शब्द घेतला तर कुणाला परका वाटणार नाही. आधी ‘हात’ सुचला, पण हाताला अंत नाही. ‘नाक’ लवकर संपेल. ‘पोट’ जवळजवळ ठरलंच होतं, इतक्यात कुरियरवाल्याला पत्ता सांगताना माझ्याच तोंडून निघालं, “खाडीच्या तोंडाशी या, जेटीच्या वरच्या अंगाला.” तो बरोबर आला. त्याला वाट दाखवून फोन ठेवला आणि मग विचार पडला, खाडीला तोंड आलं कुठून?

शब्द ठरला: तोंड. मुदत १४ जून.

५ मे

साधनांची जमवाजमव. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) फोनवर वाचता येतो. दाते-कर्वे मंडळींच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे (१९३२ ते १९३८) सातपैकी पाच खंड आमच्या कपाटात आहेत. त्यात ‘त’चा खंड निघाला म्हणून आनंद झाला, तो दहा मिनिटं टिकला. नेमक्या तोंडाच्या पानांवर कसर लागलीय. जाळीतून वाचावं तसं वाचलं.

दोन्ही कोशांत मूळ एकच दिलंय: संस्कृत तुंड. आणि तुंड म्हणजे मुळात चोच, सोंड, जनावराचं पुढे आलेलं थोबाड. म्हणजे आपण रोज धुतो ते तोंड हे पक्ष्याची चोच होतं. माणसाला मुख होतं, ते बाजूला पडलं आणि चोच येऊन बसली. शेजारच्या हिंदीने ‘मुख’ घासून ‘मुँह’ केलं आणि तेच वापरात ठेवलं. आपण, कोंकणीने आणि तिकडे ओडिया लोकांनी तुंडाला जवळ केलं. ओडियात तर अजून ‘तुंड’च म्हणतात.

शिवीगाळीचा शब्द हळूहळू घरचा होतो, तसं काहीसं झालं असेल. ‘थोबाड’ अजून त्या वाटेवर अडकलंय.

८ मे

मुलं अकरा. सहा गावातली, पाच मुंबईहून सुट्टीला आलेली. जुन्या निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं केली. खर्च शून्य.

तीन खोकी ठेवली: ‘आत जातं’ (खाणं), ‘बाहेर येतं’ (बोलणं), ‘दिसतं’ (चेहरा). पहिल्या अर्ध्या तासात गोंधळ, मग पाऊस. तोंडाला पाणी सुटणे, तोंड गोड करणे, तोंड उष्टं करणे, तोंडचा घास काढणे: पहिलं खोकं. तोंडाची वाफ दवडणे, तोंडसुख घेणे, तोंडाचा पट्टा, तोंडाळ, तोंडपाठ, तोंडी परीक्षा, तोंडात तीळ न भिजणे: दुसरं. तोंड लपवणे, तोंडदेखलं, तोंडवळा, काळं तोंड करणे, कोणत्या तोंडाने येणार: तिसरं.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ यावर वाद. हे वाक्प्रचारात धरायचं का? मी धरलं. इतकं पाठ असलेलं वाक्य भिंतीवर नसेल तर भिंत खोटी.

त्यावरून एका मुलीने विचारलं, “बाई, तोंडावर बोट म्हणजे गप्प आणि तोंडात बोट म्हणजे आश्चर्य, असं का?” मी खडू घेऊन फळ्यावर मांडत गेले आणि मलाच मजा यायला लागली. सगळी करामत प्रत्ययाची आहे. तोंडावर सांगितलं तर धीट, तोंडात मारली तर गाल लाल. तोंडून निघालं ते परत येत नाही. ‘तोंडी लागणे’ म्हणजे भांडण आणि ‘तोंडी लावणे’ म्हणजे जेवण, मधे फक्त ग आणि व. पाण्याचंही तसंच. तोंडाला सुटतं तेव्हा हाव, तोंडचं पळतं तेव्हा भय. हे तर शरीरशास्त्रालाही धरून आहे, घाबरल्यावर लाळ खरंच आटते.

मुंबईच्या एका मुलाला ‘तोंडी लावणं’ माहीत नव्हतं. “म्हणजे साइड डिश ना?” हो म्हटलं. पण नंतर ते मनात टोचत राहिलं.

९ मे

मुलं आली नाहीत. गावात लग्न.

११ मे

टोचत होतं म्हणून सकाळी शेजारच्या आजीकडे गेले. नव्वदीच्या घरात आहेत, अजून चुलीवरची पेज. ओट्यावर बसून ताटलीत पेज, बाजूला करवंटीत सुक्या जवळ्याची चटणी. अंगठा आणि पहिलं बोट चटणीला टेकवायचं, जिभेच्या टोकाला लावायचं, मग पेजेचे तीन-चार भुरके. पुन्हा टेकवायचं. मी मोजत होते. अख्खी ताटली संपली तेव्हा चटणी चमचाभर कमी झाली होती.

म्हटलं, “आजी, तोंडी लावणं म्हणजे काय हो?”

“तोंडाला लावायचं ते.”

“म्हणजे खायचं नाही?”

“खायची ती पेज. बांगडा एक आणि तोंडं सात. मग तो खायचा कसा? लावायचाच.”

साइड डिश ताटात बाजूला असते. तोंडी लावणं बाजूला नसतं, ते पुरवून पुरवून वापरायचं असतं, आणि ‘लावणे’ हे क्रियापद हळद लावावी, कुंकू लावावं इतक्याच मापाचं आहे. आता आपण चार-चार भाज्यांना तोंडी लावणं म्हणतो, पण शब्दाने जुनं माप सोडलेलं नाही. कार्ड मोठं केलं. आजींचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, नाव घालू नको म्हणाल्या.

त्यांच्याच वाक्यात आणखी एक अर्थ सापडला. तोंडं सात, म्हणजे माणसं सात. पोटं सात असंही म्हणतात, पण मोजणी करताना कोकणात तोंडंच मोजलेली मी जास्त ऐकली आहेत. निदान आमच्या घरी तरी.

१३ मे

तुंडाचं तोंड कसं झालं ते मुलांना पटवायचं होतं. नुसतं ‘अपभ्रंश’ म्हणून सोडून देणं मला आवडत नाही. अपभ्रंश म्हटलं की मुलांना वाटतं, कुणीतरी अडाणी माणूस चुकला.

वररुची हा प्राकृताचा जुना व्याकरणकार. त्याच्या ‘प्राकृतप्रकाशा’त पहिल्याच परिच्छेदात सूत्र आहे: ‘उत ओत्तुण्डरूपेषु’. तुण्डासारख्या शब्दांत ‘उ’चा ‘ओ’ होतो. पुढे जोडाक्षर आलं की हा ‘उ’ पसरतो. पुस्तकाचं प्राकृतात पोत्थअ. हेमचंद्रानेही बाराव्या शतकात हाच नियम सांगितला. पण मला वररुचीचं सूत्र आवडलं, कारण त्याला नमुन्याला शब्द हवा होता आणि त्याने तोंड घेतलं. म्हणजे त्याच्या काळीच हा शब्द इतका तोंडात बसलेला होता की उदाहरणाला दुसरा शोधावा लागला नाही.

मग मुलांना म्हटलं, असे ‘उ’चे ‘ओ’ झालेले शब्द गावात शोधा. मीच दोन दिले: पोथी आणि सोंड (शुण्डा). अंगणात मोगरा फुललेला, तो मुद्गर. शेतातला मोथा, तो मुस्ता. एक मुलगा ओरडला, “बाई, कोंड!” नदीतल्या खोल डोहाला आम्ही कोंड म्हणतो. कुंड आणि कोंड. मला सुचलं नव्हतं. त्याला खिशातली गोळी दिली.

संध्याकाळी एकटीच आरती पुटपुटत होते. ‘सरळ सोंड वक्रतुंड त्रिनयना’. एकाच ओळीत शुण्डेची सोंड झाली आहे आणि तुंड मात्र जसंच्या तसं. लहानपणापासून शेकडो वेळा म्हटली असेल, कधी थांबले नव्हते. देवाला तोंड म्हणायला जीभ रेटत नाही, हे खरं कारण. दर्शन घ्यायचं ते मुखदर्शन, देवळातून पाणी पडतं ते गोमुखातून, राजापूरच्या गंगेला कुंडं. आणि माणसांकडे तोंड, कोंड, फार तर गायतोंडे हे आडनाव. शिमग्यात पालखीला लावतात त्या देवाच्या चेहऱ्यांना तर आपण मुखवटेही म्हणत नाही, ‘रूपं’ म्हणतो.

यावर स्वतंत्र पट्टी करायची. वर मुख, खाली तोंड.

१६ मे

तिन्ही खोक्यांत न बसणारी कार्डं उरली आहेत. ‘परीक्षा तोंडावर आली.’ ‘वादाला तोंड फुटलं.’ ‘गळूला तोंड पडलं.’ ‘संकटाला तोंड देणे.’ पिशवीचं, बाटलीचं, बोगद्याचं तोंड. ‘पावसाच्या तोंडावर’. यातलं काही आत जात नाही, बाहेर येत नाही, दिसतही नाही. चौथं खोकं आणलं, त्यावर काय लिहायचं कळेना. तूर्त ‘इतर’.

‘इतर’ हा शब्द मला कुठल्याच यादीत बघवत नाही.

१९ मे

जेटीवर गेले. उधाणाचं पाणी होतं, एक तांडेलकाका जाळं बघत बसलेले. साठी उलटलेली, चाळीस वर्षं डोलीवर, म्हणजे डोल नावाच्या जाळ्यावर. मी कार्डांवर ‘होडीचं तोंड’ असं एक मनाने लिहून ठेवलं होतं, खात्री करून घ्यावी म्हटलं.

“व्हडीला तोंड नसतंय, बाय. नाळ असते नाळ.”

पुढच्या निमुळत्या भागाला नाळ. नारळी पुनवेला पूजा तिचीच. मग तोंड कशाला? त्यांनी डोल उचलून दाखवली. लांबच लांब पिशवी, एका टोकाला रुंद उघडी, दुसऱ्या टोकाला खोळा, त्यात मासळी अडकते. हे उघडं टोक म्हणजे तोंड. डोल ओढत न्यायची नसते, पाण्यात रोवून ठेवायची आणि तिचं तोंड पाण्याच्या ओढीकडे ठेवायचं. ओढ मासळी आणून घालते. म्हणून उधाणाला, पुनवेला-अवसेला डोलीचं काम जोरात आणि भांगेला, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, थंड. ओढ फिरली की तोंडही फिरवावं लागतं.

“आणि खाडीचं तोंड?”

त्यांनी पश्चिमेकडे हात केला. समोर दाभोळ, या बाजूला अंजनवेलचा गोपाळगड, मधून वाशिष्ठी समुद्रात जाते. “तिथनं आत आलास की तू घरी. भायेर गेलास की तू दर्यात.”

(मी बाई असूनही ‘आलास’. तांडेलांचं बोलणं सगळ्या जगाशी असतं.)

नकाशा काढून बघितलं तर बरेच मोठे जुने किल्ले असेच बसलेत. सावित्रीच्या तोंडाशी बाणकोट, शास्त्रीच्या तोंडाशी जयगड, वाघोटनच्या तोंडाशी विजयदुर्ग. खाडीतून वर बंदरात माल जायचा, तो ज्याच्या तोफेखालून जाईल त्याची खाडी. भूगोलाच्या पुस्तकात यालाच ‘नदीमुख’ म्हणतात. जेटीवर हा शब्द उच्चारला असता तर काका हसले असते.

निघताना विचारलं, लाट मोठी आली तर काय करता? “बगलेवर घ्यायची नाय. नाळ द्यायची तिला. आडवा राहिलास की उलटलास.”

घरी येईपर्यंत चौथ्या खोक्याचं नाव मिळालं होतं. संकटाला ‘तोंड देणे’ याचा मी आजवर नुसता ‘सहन करणे’ असा अर्थ घेत आले. पण हे वळण्याचं काम आहे. लाट येणारच, तिच्याकडे कुठली बाजू करायची तेवढं आपल्या हातात. खोक्यावर लिहिलं: ‘कड’. जिथे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ती उघडी कड. वाद, गळू, परीक्षा, पाऊस, खाडी, डोल, सगळी निमूट आत गेली.

चोचीपासून इथपर्यंत बघितलं तर हाच अर्थ मला सगळ्यांत जुना वाटतो. चोच म्हणजे पक्ष्याचं सगळ्यांत पुढचं टोक. बाकी शरीर तिच्या मागे.

२२ मे

एका मुलीचं तोंड आलंय, तिखट खाववत नाही. आजींनी जाईचा पाला चावायला दिला. ती रडवेली, आणि मी वही काढली. तोंड ‘येणे’. आजवर नव्हतं का? डोळे येणे तसंच. हात येत नाही, पाय येत नाही. जो अवयव एरवी असून नसल्यासारखा असतो तो दुखायला लागला की ‘येतो’. कार्ड झालं, मुलीला आवडलं नाही.

२४ मे

‘तोंडाला पानं पुसणे’ याची उत्पत्ती तीन जणांनी तीन सांगितल्या. एकात विड्याची पानं, एकात केळीची, एकात लग्नाची पंगत आणि उपाशी राहिलेला व्याही. तिन्ही रंगतदार, पुरावा एकीलाही नाही. कार्डावर फक्त अर्थ: फसवणे, वाटा न देता बोळवण करणे. तिसरी गोष्ट सांगणारे गृहस्थ रागावले. त्यांच्या तोंडी लागले नाही.

दुसऱ्या एकांनी तोंडली ही भाजी तोंडात घालतात म्हणून तोंडली, असं ठणकावून सांगितलं. तशा सगळ्याच भाज्या तोंडात घालतात. संस्कृतात या वेलीला तुण्डिकेरी म्हणतात आणि बिंबही म्हणतात. पिकलं की लालभडक होतं ते बिंब, त्यावरून कवींनी नायिकेला बिंबाधरा केलं. म्हणजे ओठ तोंडल्यासारखे. कुणा नायिकेला मराठीत ‘तोंडलीओठी’ म्हणून बघा.

२७ मे

वाचनालयाचं छत बघायला आलेल्या सुताराचा मदतनीस उत्तरेकडचा. कार्डं वाचून, पोटावर हात फिरवून हसत सुटला. हिंदीत तोंद म्हणजे सुटलेलं पोट! ते तुन्द या वेगळ्या शब्दावरून आलंय, तुंडाशी त्याचं नातं नाही. पण ‘तोंद सांभाळून बोल’ हे वाक्य मुलांना फार आवडलं. दिवसभर तेच.

१ जून

आजपासून यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. जेटी मोकळी, होड्या वर ओढून झाकलेल्या. गावभर पावसाच्या तोंडावरची कामं: लाकडं आत, कौलं परतणं, आगोटीची खरेदी, सुकी मासळी डब्यात. मुंबईची मुलं परवा गेली. जाताना एकाने विचारलं, मुंबईला खाडीचं तोंड आहे का? माहीमला जाऊन बघ म्हटलं.

५ जून

वाईट दिवस.

रात्री पाऊस आला. मुलांना ‘पावसाच्या तोंडावर’ शिकवत बसले आणि वाचनालयाची कौलं परतून घ्यायची राहून गेली. सुतार येऊन बघून गेला होता, मीच ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटलं. कोपऱ्यातलं कौल सरकलेलं, त्याखाली नेमकं चौथं खोकं. स्केचपेनची शाई उतरून कार्डं निळी-जांभळी. एकोणीस कार्डं गेली. आजींचं मोठं कार्ड पहिल्या खोक्यात होतं म्हणून वाचलं.

समितीतल्या एका सभासदांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण पंख्याखाली वाळत घातलेली कार्डं बघून तोंड वाकडं केलं. हेही कार्ड होऊ शकतं, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

७ ते १० जून

पुन्हा लिहिणं. या वेळी बॉलपेनने. गावातली सहा मुलं रोज आली. एकाने ‘तोंडघशी पडणे’ नुसतं लिहिण्याऐवजी पडवीत पडून दाखवलं, हात पाठीमागे धरून, आणि हनुवटी खरचटून घेतली. त्याच्या आईला मी काय तोंड दाखवणार होते! तीच हसली म्हणून निभावलं.

१३ जून

लावायला सुरुवात. डावीकडून चोच: मुलांनी खंड्या काढलाय, निळा, लांब चोचीचा, चांगला जमलाय. मग वररुचीचं सूत्र, त्याखाली पोथी, मोगरा, सोंड, मोथा, कोंड यांची चित्रं. मग तीन खोकी. उजव्या टोकाला खाडी आणि डोल, म्हणजे भिंत जिथे पडवीच्या दाराशी संपते तिथे. वरून मुखाची पट्टी, सोनेरी कागदाची. एकूण १३१ कार्डं. ‘दुतोंडी’जवळ मांडुळाचं चित्र, शेपूट इतकी बोथट की अनोळखी माणसाने दोन्हीकडे डोळे काढावेत. मुलांनी खरंच दोन्हीकडे काढले होते, एका बाजूचे खोडायला लावले.

१४ जून

सकाळी कुलूप उघडून आत आले तर उरलेल्या कार्डांसाठी ठेवलेला लाकडी फळा उलटा. झाडायला येणाऱ्या मावशींना हाक मारली, “मावशी, फळ्याचं तोंड भिंतीकडे कुणी केलं?”

“पाऊस आत येत होता म्हणून मीच केलं. आता सरळ करू?”

मी काही बोलले नाही, म्हणून त्या केरसुणी टेकवून उभ्या राहिल्या. फळ्याला तोंड. घराचं तोंड पूर्वेला, दुकानाचं तोंड रस्त्याला, झोपताना पाय अमुक दिशेला आणि तोंड तमुक. चाळीस दिवस हा अर्थ सगळ्यांच्या बोलण्यात होता आणि एकाही कार्डावर नव्हता.

“करा सरळ,” म्हटलं. “आणि बॉलपेन आहे का बघा तिथे.”

कार्ड क्रमांक १३२.